सासूबाईंचा गडप्रवेश

क्वेबेक शहरात आम्ही तटाच्या आत राहतो असं सांगितलं, की लोक आमच्याकडे आदरानं बघतात. म्हणजे तटाबाहेरचे लोक. आत राहणारे एकमेकांकडे फक्त संशयानं बघतात, कारण प्रत्येकाला गाडी कुठेतरी लावायची असते. हे शहर वसवणाऱ्या फ्रेंच मंडळींनी तोफांना ऐसपैस जागा ठेवली, गाड्यांचा विचार केला नाही. त्याबद्दल मी त्यांना दोष देत नाही. पण बर्फ किती पडतो हे तर त्यांना पहिल्याच हिवाळ्यात कळलं असणार. तरी रस्ते एवढेच का ठेवले, हे मला आजवर कोणी नीट सांगितलेलं नाही.

तर सासूबाई येणार होत्या. सासूबाई म्हणजे मादाम एव्हा गोद्रो. उत्तरेला शिकूतिमीला त्यांचं घर. सासरे गेल्यावर काही हिवाळे त्यांनी एकटीनं काढले, शेवटी घर विकायला काढलं आणि उरलेले दिवस कुणाकडे राहायचं याचा निकाल लावायला निघाल्या. उमेदवार दोनच. एक माझा मेहुणा क्लेमाँ, जो मॉन्ट्रियलच्या पलीकडे ब्रोसारला राहतो, आणि दुसरे आम्ही. क्लेमाँकडची पाहणी आटोपली होती.

"बटण दाबलं की गॅरेजचं दार आपोआप वर जातं, रोझेर," त्यानं मला फोनवर मुद्दाम सांगितलं, "आणि आत गरम असतं. गॅरेजमध्ये! गरम!"

आमच्याकडे बटण दाबलं की दारावरची घंटा वाजते, तीही तिच्या मनात असेल तर.

सोलांजला, म्हणजे माझ्या बायकोला, आई आपल्याकडे हवी होती. ती तसं बोलत नव्हती, पण धुतलेले पडदे पुन्हा धुवायला काढत होती. एकदा पडदा हातात धरूनच म्हणाली, "ती ब्रोसारला गेली ना, तर मी पाहुणीसारखी तिला भेटायला जाणार. नाताळात एकदा, उन्हाळ्यात एकदा. आणि मग एक दिवस मला उशीर होणार." सासूबाई मलाही हव्या होत्या. त्या पत्त्यांत धडधडीत लबाडी करतात, पकडल्या गेल्या तर पकडणाऱ्यालाच रागावतात, आणि त्या घरात असल्या की घरात कुणीतरी आहे असं वाटतं. सरकारी कचेरीत नोकरी करून संध्याकाळी घरी येणाऱ्या माणसाला ही फार मोठी गोष्ट असते.

"मामांला स्टँडवर एक क्षणही ताटकळत ठेवायचं नाही," सोलांजनं बजावलं. आईला ती मामां म्हणते. "गाडी घेऊन वेळेच्या आधी हजर राहायचं."

"त्यात काय अवघड आहे?" मी म्हणालो. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक संकटांची सुरुवात या वाक्यानं झालेली आहे.

आदल्या संध्याकाळी वादळ सुरू झालं ते सकाळी थांबलं. दार उघडून पाहिलं तर रस्त्यावर गाड्या नव्हत्याच. होते ते पांढरे उंचवटे, सगळे सारखे. मी बर्फ उचलणाऱ्या ठेकेदाराच्या कचेरीत फोन केला.

"तुमच्या रस्त्यावरचा बर्फ उचलायला येणार असू तर कोपऱ्यावरचा नारिंगी दिवा लुकलुकतो," तिथली बाई गोड आवाजात म्हणाली. "लुकलुकतोय का?"

"दिवा बर्फाखाली आहे."

"मग तो लुकलुकत असेल तर गाडी तिथून काढा, मस्यू. लुकलुकत नसेल तर राहू द्या."

"पण बर्फाखाली तो लुकलुकतोय की नाही, हे मला कसं कळणार?"

"बर्फ उचलल्यावर कळेल," बाई म्हणाली. तिच्या म्हणण्यात तर्काच्या दृष्टीनं काही खोट नव्हती, म्हणून मी आभार मानून फोन ठेवला आणि फावडं उचललं.

आमची गाडी विजेच्या खांबापासून तिसरी होती. मी तीन उंचवटे मोजले आणि कामाला लागलो. पहिला उंचवटा गाडीचा नसून नुसत्याच बर्फाचा होता, हे त्या वेळी मला माहीत असायचं काही कारण नव्हतं. हे मी अगदी सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात माझी चूक किती आणि निसर्गाची किती याबद्दल आमच्या घरात अजून मतभेद आहेत.

जरा फावडं चालवलं नाही तोच वरच्या मजल्याची खिडकी उघडली. मादाम बोल्द्यूक. या बाई थंडीच्या दिवसांत सहसा खाली उतरत नाहीत. रस्त्याचा सगळा कारभार वरूनच बघतात.

"कंबरेतून वाकू नका, मस्यू बेल्झील! गुडघ्यातून वाका! आमचे हे असेच वाकायचे."

"मग?"

"मग काय, गेले!"

मी गुडघ्यातून वाकू लागलो. छत मोकळं झालं, काच दिसली, बोनेट दिसलं. तपकिरी रंग बघून मला हायसं वाटलं. आमची गाडी तपकिरीच आहे. त्या वर्षी अर्ध्या शहराच्या गाड्या तपकिरी होत्या, पण अशा वेळी माणूस आपल्या सोयीचं तेवढंच बघतो. किल्ली घातली. किल्ली फिरेना.

"कुलूप गोठलंय!" मी वर बघून ओरडलो.

"गरम पाणी ओता!"

सोलांजनं किटली आणून दिली. मी ओतलं. पाणी कुलपात गेलं आणि तिथल्या तिथे गोठलं. आता किल्लीही आत जाईना.

"कढत नव्हतं ओतायचं," मादाम बोल्द्यूक म्हणाल्या. "कोमट म्हटलं होतं मी."

तेवढ्यात पोस्टमन आला. आमच्या इकडे पोस्टमन सल्ला दिल्याशिवाय पत्र देत नाही. "जवळ जाऊन तोंडाची वाफ दे," तो म्हणाला. "हळूहळू. पण तोंड लावू नकोस हं."

आमच्याकडे मुलाला चालता येण्याआधी एक गोष्ट शिकवतात: थंडीत लोखंडाला ओठ लावायचा नाही. मला ती शिकवली होती. मी ती माझ्या दोन्ही भाच्यांना शिकवली होती. तरीही वाफ देता देता पाय जरासा घसरला आणि माझा खालचा ओठ त्या कुलपाला चिकटला तो चिकटलाच.

सरकारी खात्यात जबाबदारीच्या जागेवर असलेला पन्नाशीचा गृहस्थ भर रस्त्यात एका मोटारीला ओठांनी लटकलेला आहे, हे दृश्य कुणी पाहू नये अशी माझी इच्छा होती. ती पुरी होण्यासारखी नव्हती. मादाम बोल्द्यूकनी खिडकीतून शेजारणीला हाक मारून बोलावलं. आमच्या इकडे राग आला की लोक चर्चमधल्या पवित्र वस्तूंची नावं घेऊन शिव्या देतात. मी वेदीपासून सुरुवात करून पेल्यापर्यंत आलो होतो, पण ओठ अडकलेला असल्यामुळे ते कुणाला समजलं नाही. शेवटी सोलांजनं खरंच कोमट पाणी आणलं आणि मला सोडवलं.

मग तिनं खिडकीतून लांब वायर सोडली आणि मी केस वाळवायच्या यंत्रानं कुलूप शेकू लागलो. कुलपातला बर्फ वितळला. किल्ली आत गेली. पण फिरेना ती फिरेनाच. वैतागून मी मागची काच पुसली आणि आत डोकावलो.

मागच्या सीटवर मेंढीच्या कातड्याची टोपी होती. कानांवर पट्ट्या असलेली. ही टोपी सगळ्या रस्त्यात एकाच माणसाची होती, आणि त्या माणसाशी मी कित्येक हिवाळे बोललो नव्हतो.

शेजारचे मस्यू मोर्नो. निवृत्त शाळा-तपासनीस. भांडण साधं होतं: ते आपल्या पायऱ्यांवरचा बर्फ आमच्या पायऱ्यांवर लोटायचे. मग मी तो परत त्यांच्या पायऱ्यांवर लोटायचो. एप्रिलमध्ये बर्फ वितळायचा, भांडण नाही.

मी त्यांची गाडी खणून काढली होती. सकाळभर राबून. पायरीवर उभ्या सोलांजनं टोपी पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि हातमोजा तोंडावर दाबला. पुढचा उंचवटा, म्हणजे आमची गाडी, जशीच्या तशी होती, आणि सासूबाईंची बस एव्हाना डोंगरातून खाली उतरत असणार.

"रोझेर."

मी वळलो. मस्यू मोर्नो मागे उभे होते. त्यांचे डोळे भरून आले होते.

"मी सकाळपासून खिडकीतून बघतोय," ते म्हणाले. "आधी वाटलं, हा माणूस काहीतरी कावा करतोय. मग वाटलं, वेड लागलं. पण तुम्ही वाकून माझ्या गाडीला ओठ टेकवलेत, आणि तेही किती वेळ! तेव्हा मी कोट चढवला. रोझेर, मी तुमच्या दारात इतकी वर्षं बर्फ लोटला. मला माफ करा."

आता तुम्हीच सांगा. अशा वेळी माणूस काय म्हणेल? मी तोंड उघडलं. सोलांजनं मागून माझ्या पोटरीवर बुटानं टोचलं.

"शेजारधर्म," मी म्हणालो. फुगलेल्या ओठामुळे ते फार भावपूर्ण ऐकू आलं असावं, कारण मस्यू मोर्नोंनी मला मिठीच मारली.

सोलांजनं त्यांना सगळं सांगितलं. म्हणजे सगळं नाही, आई येतेय एवढंच. "मग चला की!" मस्यू मोर्नो म्हणाले. त्यांच्या हातात किल्ली क्षणात फिरली. इंजिन बराच वेळ खोकलं आणि एकदाचं सुरू झालं. मी मागचा बर्फ उपसायला गेलो, तेवढ्यात त्यांनी गाडी हलवून पाहिली आणि चाकं जागच्या जागी किंचाळू लागली.

हा आवाज आमच्या शहरात फुकट जात नाही. जेवत असलेला माणूस काटा खाली ठेवतो. भांडत असलेलं जोडपं भांडण अर्धवट टाकतं. दारं उघडली, माणसं बाहेर आली. ओळख नाही, पाळख नाही, एकेकानं गाडीच्या मागे हात लावले. पोस्टमननं पिशवी खाली ठेवली. मादाम बोल्द्यूकही खाली उतरल्या, आणि त्या हिवाळ्यात आम्ही त्यांचे पाय प्रथमच पाहिले.

"एक, दोन, हं!"

गाडी सुटली. मस्यू मोर्नो आत, मी बाहेर. गाडी उताराला लागली.

"थांबा!" मी ओरडलो.

"थांबलो तर बंद पडेल!" काचेतून आवाज आला. "बाईंचं नाव काय?"

"एव्हा! लाल टोपी!"

आणि इतकी वर्षं ज्याच्याशी माझा शब्द नव्हता तो माणूस माझ्या सासूबाईंना आणायला एकटाच निघून गेला.

मी धावलो. स्टँडकडे जाणाऱ्या पालेच्या उतारावर वादळानंतर धावणं म्हणजे काय हे सांगण्यात अर्थ नाही. निम्म्याहून जास्त उतार मी बसूनच उतरलो. हिवाळी उत्सवाचे, कार्निव्हलचे दिवस असल्यानं शहरात पाहुण्यांची गर्दी होती. अमेरिकेहून आलेल्या काही मंडळींनी हा कार्यक्रमाचाच भाग समजून टाळ्या वाजवल्या. मी उठून हात हलवला. काही झालं तरी आपण शहराचे यजमान असतो.

स्टँडवर सासूबाई नव्हत्या. बस येऊन गेली होती. खिडकीमागच्या गृहस्थाला मी विचारलं.

"प्रवाशांची माहिती आम्ही देत नाही," तो म्हणाला.

"अहो, ती माझी सासू आहे."

"मग तर मुळीच देणार नाही."

पण माझा ओठ आणि एकूण अवस्था बघून त्याला दया आली असावी. मान पुढे करून तो हळूच म्हणाला, "लाल टोपीवाल्या बाई ना? मेंढीच्या टोपीवाले एक गृहस्थ आले, त्यांनी वाकून नमस्कार केला. जवळच्या उतारानं नेतो म्हणाले, तर बाई म्हणाल्या, तटाच्या शहरात यायचं तर मी दरवाजातून येणार, मागच्या दारानं नाही. सें-झाँ दरवाजाकडे गेले ते."

पाले उतारावरचा दरवाजा पूर्वजांनी केव्हाच पाडून टाकलाय. म्हणजे मी ज्या वाटेनं खाली आलो त्या वाटेनं त्या येणारच नव्हत्या. मी उलट्या दिशेचा चढ चढायला लागलो. मनात एकच विचार होता. बाई सकाळपासून प्रवासात, जावयाचा पत्ता नाही, परका माणूस घ्यायला आलेला, आणि क्लेमाँच्या घरी बटण दाबलं की दार उघडतं. सोलांज पायऱ्यांवर उभी असेल आणि मी तिला काय सांगणार? मला खरोखर रडू येत होतं.

दरवाजाच्या अलीकडेच मला तो आवाज ऐकू आला. चाकांचा.

सें-झाँ दरवाजाच्या ऐन कमानीखाली मस्यू मोर्नोंची तपकिरी गाडी रुतून बसली होती. मागेपुढे माणसंच माणसं. मस्यू मोर्नो गाडीच्या मागे, तोंड लाल, दोन्ही हात डिकीवर. त्यांच्या शेजारी कार्निव्हलचे लाल पट्टे बांधलेली तरुण मंडळी, एक पाद्री, एक हॉटेलातला आचारी. आणि स्टिअरिंगमागे, लाल टोपी घालून, काच पूर्ण खाली करून, सासूबाई.

"नुसते ढकलू नका रे!" त्या ओरडत होत्या. "ही काय म्हैस आहे? झुलवा तिला! पुढे... सोडा! मागे... सोडा! शिकूतिमीत शेंबडी पोरं गाडी काढतात, आणि तुम्ही राजधानीचे लोक!"

"मादाम, माझा क्लच!" मस्यू मोर्नो कळवळले.

"क्लच गप्प बसलाय, तुम्हीच बोलताय. मागे!"

मग त्यांची नजर माझ्यावर गेली. आपल्याला घ्यायला न आलेल्या, ओठ सुजलेल्या, ओल्या पँटीतल्या जावयाला त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"रोझेर! उशीर केलास. लाग मागे!"

मी मागे लागलो. मस्यू मोर्नोंनी सरकून मला आपल्या शेजारी जागा दिली. पुढे, सोडा. मागे, सोडा. सासूबाईंनी पाय कधी दाबला आणि कधी उचलला कळलं नाही, पण गाडी जागची हलली, कमानीतून बाहेर आली आणि सरळ आत, शहरात शिरली. एकच आरोळी झाली. कार्निव्हलमधल्या पोरांनी आपल्या लांबलचक लाल तुताऱ्या तोंडाला लावल्या आणि जोरात फुंकल्या. इंग्रजांनी हे शहर एकदा घेतलं होतं, पण त्यांच्यासाठी कुणी तुताऱ्या वाजवल्याचं ऐकिवात नाही.

सासूबाईंनी गाडी थांबवली नाही. बंद पडेल म्हणून आम्हीही थांबा म्हटलं नाही. त्या हळूहळू चालवत राहिल्या आणि आम्ही आजूबाजूनं चालत राहिलो, कारण पुढे कुठे अडकली तर हाताशी असावं. दुकानांतून लोक बाहेर आले. ही कोण, असं कुणी विचारलं तर मी सांगत होतो, "आमच्या सासूबाई." असं छाती पुढे काढून मी यापूर्वी फक्त बढतीची बातमी सांगितली होती.

सोलांज पायऱ्यांवर उभी होती. तुताऱ्यांसकट सगळी मिरवणूक वळून आमच्या रस्त्यात शिरताना पाहिली आणि ती तशीच घरातल्या सपाता घालून बर्फातून धावत गेली. सासूबाई खाली उतरल्या आणि दोघी रस्त्याच्या मधोमध एकमेकींच्या गळ्यात पडल्या. माझ्या ओठात तेव्हा फारच ठणका लागला होता, म्हणून मी दुसरीकडे बघत होतो.

जेवायला मस्यू मोर्नो होते. मादाम बोल्द्यूक साखरेचं सारण भरलेला पाई घेऊन आल्या. सोलांजनं खास शिकूतिमी पद्धतीचा, खोल भांड्यातला बटाट्या-मांसाचा तूर्तिएर केला होता. सासूबाईंनी घास घेतला, "मीठ कमी," म्हणाल्या आणि पुन्हा वाढून घेतलं. मस्यू मोर्नोंनी मी त्यांच्या गाडीचं चुंबन घेतल्याची हकिगत सविस्तर सांगितली. सांगताना त्यांचा आवाज पुन्हा कापरा झाला. सासूबाई ऐकत होत्या. मग माझ्याकडे झुकून, बटाटा मागत असल्यासारख्या, कानात पुटपुटल्या, "चुकीची गाडी काढलीस ना रे?"

"हो."

"बोलू नकोस कुणाला. त्या बिचाऱ्याचा आनंद जाईल."

फोन वाजला. क्लेमाँ. त्याचा आवाज टेबलापर्यंत ऐकू येत होता.

"मामां, पोचलीस ना नीट? रोझेर वेळेवर आला होता का?"

"नाही आला."

सोलांजनं हातातला चमचा खाली ठेवला. मी ताटात बघू लागलो.

"बघ, मी सांगत होतो," क्लेमाँ म्हणाला. "तिथे तुझे हालच व्हायचे. इथे कशी गाडी थेट घरात येते. वादळ असो, काही असो, तुला दाराबाहेर पाऊल टाकायला नको. कुणाची मदत लागत नाही, कुणाचं तोंड बघायला लागत नाही. मग काय ठरवलंस?"

सासूबाई खिडकीकडे बघत होत्या. बाहेर, खाली रस्त्यात, कुणाची तरी चाकं किंचाळत होती.

"मामां? ऐकतेस ना?"

"क्लेमाँ, मी नंतर बोलते," सासूबाई म्हणाल्या. "खाली कोणीतरी अडकलंय."

त्यांनी फोन ठेवला आणि बूट चढवायला दारात जाऊन बसल्या. मस्यू मोर्नोंनी तोंड पुसलं, मादाम बोल्द्यूक शाल शोधू लागल्या.

"मामां, अगं निदान जेवण तरी पुरं कर!" सोलांज म्हणाली.

"आल्यावर. आणि सोलांज, ती रस्त्याकडची खोली कुणाची आहे?"

ती खोली माझी. तिथे माझी आरामखुर्ची आहे, माझा रेडिओ आहे, आणि दार लावून घेतलं की कचेरीतून आलेल्या माणसाला विचारायला कोणी येत नाही.

"तुमचीच," मी म्हणालो.

"मग माझी पेटी तिथे ठेव," सासूबाई टोपी कानांवर ओढत म्हणाल्या. "मला रस्ता दिसायला हवा. आणि उठ आता, ती गाडी काय आपोआप निघणार आहे?"